विश्लेषण : काळवंडणाऱ्या बल्बमधून उलगडले वायूंचे गणित! कोण होते अर्व्हिंग लँगम्यूर?

कार्बन नॅनोट्यूबवर वायूचे रेणू कसे बसतात, हे मोजताना संशोधक आजही एका जुन्या सूत्रापासून सुरुवात करतात. हे सूत्र मांडणारे अर्व्हिंग लँगम्यूर यांचे संशोधन घरातल्या साध्या बल्बपासून सुरू झाले होते.

बल्ब काळा का पडायचा?

१८८१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या लँगम्यूर यांनी धातुशास्त्रातील अभियांत्रिकी पदवी आणि जर्मनीतील गटिंगेन येथून डॉक्टरेट घेतली. १९०९ मध्ये ते जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडी येथील प्रयोगशाळेत दाखल झाले. त्या काळी बल्ब आतून काळे पडत. निर्वात अपुरा असल्यानेच हे होते, असा समज होता. लँगम्यूर यांनी उलट बल्बमध्ये मुद्दाम वायू सोडून पाहिले. तापलेल्या टंगस्टनचेच बाष्पीभवन होते आणि निष्क्रिय वायू ते रोखतो, हे स्पष्ट झाले. त्यातूनच वायू भरलेला बल्ब आला.

सूत्र काय सांगते?

याच प्रयोगांत वायूचे रेणू पृष्ठभागाला चिकटतात, हे त्यांच्या लक्षात आले. याला अधिशोषण म्हणतात. पृष्ठभागावर ठरावीक जागा असतात आणि एका जागी एकच रेणू बसतो, असे त्यांनी गृहीत धरले. काही रेणू बसतात, काही उठतात. दाब वाढला की जागा भरत जातात. एक थर पूर्ण झाला की वाढ थांबते. पृष्ठभाग रसायनशास्त्रातील या कामासाठी त्यांना १९३२ चे नोबेल मिळाले.

नॅनोट्यूबशी संबंध काय?

नॅनोट्यूबच्या जुडग्यात सर्व जागा सारख्या नसतात. दोन नळ्यांमधील खाचेत रेणूला दोन्ही बाजूंनी कार्बनचे आकर्षण मिळते, म्हणून ती आधी भरते. बाहेरचा पृष्ठभाग नंतर. त्यामुळे मूळ सूत्रात बदल करावा लागतो. वायू ओळखणाऱ्या सेन्सरसाठी हे गणित महत्त्वाचे आहे.

वाद कोणता?

१९४६ नंतर लँगम्यूर कृत्रिम पावसाच्या प्रयोगांकडे वळले. त्यांचे मोठे दावे अनेक हवामानतज्ज्ञांना पटले नाहीत. प्रयोगशाळेतील पृष्ठभागावर जे नियंत्रण होते, ते आकाशात शक्य नव्हते. १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले. पृष्ठभाग विज्ञानाला वाहिलेले एक नियतकालिक आज त्यांच्याच नावाने निघते.