हेन्री लुई व्हिव्हियन डेरोझिओ

हेन्री लुई व्हिव्हियन डेरोझिओ (१८ एप्रिल १८०९ – २६ डिसेंबर १८३१) हे कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातील इंग्रजी साहित्याचे व इतिहासाचे अध्यापक, इंग्रजीतून लिहिणारे आरंभीचे भारतीय कवी आणि पत्रकार होते. त्यांना अवघे २२ वर्षांचे आयुष्य लाभले आणि अध्यापनाची कारकीर्द जेमतेम पाच वर्षांची झाली. तथापि या काळात त्यांच्याभोवती जमलेल्या विद्यार्थ्यांमुळे बंगालमधील प्रबोधनाला नवे वळण मिळाले. हे विद्यार्थी ‘डेरोझियन’ किंवा ‘यंग बंगाल’ या नावाने ओळखले जातात.

बालपण व शिक्षण

डेरोझिओ यांचा जन्म कलकत्त्यात एका पोर्तुगीज-भारतीय वंशाच्या कुटुंबात झाला. वडील फ्रान्सिस हे एका व्यापारी पेढीत नोकरीस होते. धर्मतला भागातील डेव्हिड ड्रमंड यांच्या शाळेत हेन्रींचे शिक्षण झाले. ड्रमंड हे स्कॉटिश कवी व स्वतंत्र विचारांचे शिक्षक होते. युरोपीय, यूरेशियन आणि भारतीय मुले त्यांच्या शाळेत एकत्र शिकत. काव्याची गोडी आणि कोणतेही मत तपासून घेण्याची सवय डेरोझिओंना येथेच लागली.

वयाच्या चौदाव्या वर्षी शालेय शिक्षण संपवून ते वडिलांच्या पेढीत कारकून झाले. तेथे मन न रमल्याने ते भागलपूर येथे मावशीच्या यजमानांच्या निळीच्या कारखान्यावर गेले. गंगाकाठच्या त्या परिसरात त्यांची कविता बहरली आणि ‘इंडिया गॅझेट’ या पत्रातून प्रसिद्ध होऊ लागली.

काव्यलेखन

१८२७ साली त्यांचा पहिला काव्यसंग्रह आणि १८२८ साली ‘द फकीर ऑफ जंघीरा’ हे दीर्घकाव्य प्रकाशित झाले. सती जाण्यासाठी चितेजवळ आणलेली नलिनी ही तरुण विधवा आणि तिला तेथून सोडवून नेणारा तिचा प्रियकर यांची ही शोकांत कथा आहे. सतीबंदीचा कायदा १८२९ च्या डिसेंबरात झाला. त्यापूर्वीच त्यांनी हा विषय काव्यात आणला होता. भारताला आपली जन्मभूमी मानून तिच्या गतवैभवाविषयी व पारतंत्र्याविषयी त्यांनी लिहिलेल्या कविता इंग्रजीतील आरंभीच्या देशभक्तिपर कविता मानल्या जातात. आपल्या विद्यार्थ्यांना उद्देशूनही त्यांनी एक सुनीत लिहिले आहे.

हिंदू कॉलेजातील अध्यापन

हिंदू कॉलेजची स्थापना १८१७ साली झाली होती. १८२६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, डेरोझिओ तेथे अध्यापक झाले. वर्गातील काही विद्यार्थी त्यांच्याहून चार-पाच वर्षांनीच लहान होते. त्यामुळे गुरुशिष्यांतील अंतर कमी झाले आणि त्याला मैत्रीचे रूप आले.

शेक्सपिअर, मिल्टन यांसारख्या कवींच्या अध्यापनात ते शब्दार्थापाशी थांबत नसत. कवीने मांडलेला प्रश्न ते विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आणि त्यावर त्यांना बोलते करीत. तत्त्वज्ञानाच्या चर्चेत ते दोन्ही पक्ष मांडीत. ह्यूमची संशयवादी भूमिका समजावून सांगितल्यावर रीड व स्ट्यूअर्ट यांनी तिला दिलेली उत्तरेही ते शिकवीत. निर्णय विद्यार्थ्याने स्वतः घ्यावा, असा त्यांचा आग्रह असे. कॉलेज सुटल्यावर त्यांच्या घरीही विद्यार्थ्यांची वर्दळ असे.

१८२८ च्या सुमारास त्यांच्या पुढाकाराने ‘ॲकॅडेमिक असोसिएशन’ ही वादविवाद सभा सुरू झाली. तिच्या बैठका माणिकतला येथील एका बागेतील घरात भरत. दैव आणि इच्छास्वातंत्र्य, मूर्तिपूजा, पुरोहितशाही, देशप्रेम अशा विषयांवर तेथे खुली चर्चा होई. डेव्हिड हेअर यांच्यासारखे शिक्षणप्रेमी तेथे श्रोते म्हणून येत. १८३० साली विद्यार्थ्यांनी ‘पार्थेनॉन’ हे पत्र काढले. परंतु पहिल्या अंकानंतर ते बंद पाडण्यात आले.

राजीनामा

काही विद्यार्थी नित्यकर्मे टाळू लागले, निषिद्ध अन्न उघडपणे खाऊ लागले आणि वडीलधाऱ्यांशी वाद घालू लागले. तरुणांच्या या उतावीळ वर्तनामुळे शहरात खळबळ उडाली व काही पालकांनी मुलांना कॉलेजातून काढून घेतले. या साऱ्याचा दोष डेरोझिओंवर आला.

एप्रिल १८३१ मध्ये व्यवस्थापक समितीपुढे त्यांना दूर करण्याचा प्रस्ताव आला. राधाकांत देव व रामकमल सेन हे त्यांच्या विरोधकांत प्रमुख होते. शिक्षक म्हणून ते अयोग्य आहेत, असे बहुमताने ठरू शकले नाही. मात्र लोकभावना लक्षात घेता त्यांना दूर करणे इष्ट आहे, असे ठरले. या दुसऱ्या प्रश्नावर हेअर आणि संस्कृतचे अभ्यासक होरेस हेमन विल्सन हे मतदानापासून अलिप्त राहिले. आपली बाजू ऐकून न घेता निर्णय झाल्याची खंत व्यक्त करून डेरोझिओंनी २५ एप्रिल रोजी राजीनामा दिला.

विल्सन यांनी पत्राद्वारे त्यांना तीन आरोपांविषयी विचारणा केली : ईश्वराचे अस्तित्व नाकारणे, आईवडिलांचा आदर अनावश्यक मानणे आणि भावाबहिणींचा विवाह निर्दोष समजणे. डेरोझिओंनी तिन्ही आरोप फेटाळले. ईश्वराविषयीच्या शंका आणि त्यांचे निरसन या दोन्ही गोष्टी आपण शिकवल्या, हे मात्र त्यांनी नाकारले नाही. वडिलांशी बेबनाव होऊन घर सोडू पाहणाऱ्या एका शिष्याला आपणच परावृत्त केल्याचेही त्यांनी कळवले.

अखेरचे दिवस

नोकरी सुटल्यावर त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे दैनिक काढले व आपल्या यूरेशियन समाजाच्या प्रश्नांना वाचा फोडली. डिसेंबर १८३१ मध्ये ते आपल्या जुन्या शाळेतील परीक्षेसाठी गेले होते. त्याच सुमारास त्यांना पटकीने गाठले. आजारपणात शिष्यांनी त्यांची शुश्रूषा केली. परंतु २६ डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले. साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

शिष्यपरंपरा

डेरोझिओंच्या शिष्यांनी पुढे अगदी भिन्न वाटा धरल्या. कृष्णमोहन बंद्योपाध्याय ख्रिस्ती धर्मोपदेशक व विद्वान झाले. शिवचंद्र देव ब्राह्म समाजाचे कार्यकर्ते झाले. राधानाथ सिकदार यांनी सर्वेक्षण खात्यात एव्हरेस्ट शिखराच्या उंचीचे गणित मांडले. प्यारीचाँद मित्र यांनी ‘आलालेर घरेर दुलाल’ ही बंगालीतील आरंभीची कादंबरी लिहिली. दक्षिणारंजन मुखोपाध्याय यांनी बेथून यांच्या मुलींच्या शाळेला जमीन दिली. रामगोपाल घोष व्यापारी व वक्ते म्हणून गाजले, तर रामतनू लाहिडी यांनी गुरूंप्रमाणेच अध्यापनाचा मार्ग पत्करला.

मूल्यमापन

‘यंग बंगाल’ गटाचा प्रभाव मुख्यतः कलकत्त्यातील इंग्रजी शिकलेल्या उच्चवर्णीय तरुणांपुरता मर्यादित राहिला. शेतकरी व कष्टकरी वर्गाशी त्याचा संबंध आला नाही आणि त्यातील अनेकांचा आवेश वयाबरोबर ओसरला. तरीही स्त्रीशिक्षण, वृत्तपत्रस्वातंत्र्य आणि सार्वजनिक संस्था यांसाठी त्यांनी केलेले काम टिकून राहिले. विद्यार्थ्यांना नास्तिक बनवल्याचा ठपका ज्या शिक्षकावर होता, त्याच्या शिष्यांत ख्रिस्ती, ब्राह्म व हिंदू अशा सर्व मतांची माणसे निपजली. स्वतःचे मत त्यांच्यावर न लादता विचार करण्याची रीत डेरोझिओंनी त्यांना दिली होती, याची साक्ष या भिन्न वाटांतून मिळते.