निर्णयसागराचे संस्थापक कै. शेठ जावजी दादाजी

भातकुली म्हणजे पुराणातील भोजकट, रुक्मीने वसविलेले नगर, अशी आपल्या गावाची परंपरा आहे. पुराणातील अशा कथा आपल्या वाडवडिलांच्या घरी पोहोचल्या त्या छापील पोथ्यांमुळे. त्या पोथ्या शुद्ध व सुवाच्य निघाव्यात म्हणून ज्यांनी आपले आयुष्य वेचिले, त्या जावजी दादाजी चौधरी यांचे अल्प चरित्र आम्ही यंदा ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते. परंतु उद्योगी पुरुष सर्व समाजाचाच असतो.

जावजींचा जन्म १८३९ साली मुंबईस गरीब कुटुंबात झाला. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामास लागले. वेतन दरमहा अवघे दोन रुपये. काम हलके खरे. पण छपाईचे मर्म त्यातच होते. खिळ्याची उंची केसभर कमी झाली, तरी कागदावर अक्षर पुसट उठते. शिवाय देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरे यांमुळे शेकडो प्रकारचे खिळे लागतात. तेथे टॉमस ग्रॅहॅम यांच्यासारख्या निष्णात कारागिराच्या हाताखाली या मुलाची नजर तयार झाली.

पुढे टाइम्स, इंदुप्रकाश आदी छापखान्यांत त्यांनी नोकरी केली. हाती कला होती, वेतनही वाढते होते. तरीही १८६४ साली बांधलेला पगार सोडून त्यांनी खिळे ओतण्याचा स्वतःचा लहानसा कारखाना काढिला. गरिबाघरच्या माणसास हे धाडस किती जड गेले असेल, हे पगारावर संसार चालविणारांस सांगावयास नको. राणूजी रावजी आरू या कुशल कारागिराची त्यांना साथ लाभली. आरूंनी अक्षरांचे ठसे कोरावे, जावजींनी ते व्यवहारात उतरवावे, असा हा जोड जमला.

छापखाना निघाला तो पाच वर्षांनी, १८६९ साली. आधी अक्षर, मग ग्रंथ, हा क्रम आम्हांस फार बोधप्रद वाटतो. त्यामुळे निर्णयसागरास अक्षरांसाठी कोणाच्या दारी जावे लागले नाही. छापील ग्रंथाच्या शाईत चरबी असते, म्हणून पूर्वी कर्मठ मंडळी त्यास शिवत नसत. त्याच समाजात निर्णयसागरचे पंचांग व संस्कृत ग्रंथ आदराने वापरले जाऊ लागले. शोधनासाठी जावजींनी व्युत्पन्न शास्त्री नेमिले. १८८१ पासून मुलांचे ‘बालबोध’ मासिक येथून निघाले. १८८६ साली पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली ‘काव्यमाला’ सुरू झाली. तीत जैन कवी हरिचंद्राचे ‘धर्मशर्माभ्युदय’ही छापले गेले, हे जैनांचे क्षेत्र असलेल्या भातकुलीने अवश्य ध्यानी ठेवावे.

१८९२ साली जावजी निवर्तले. चिरंजीव तुकाराम यांनी कार्य पुढे चालविले. आज खिळ्यांची छपाई मागे पडली आहे व अक्षरे संगणकावर जुळतात. तथापि स्वतंत्र धंद्याची इच्छा धरणाऱ्या आपल्या तरुणांस जावजींचे उदाहरण जुने होणार नाही. त्यांनी नोकरी सोडिली ती कंटाळून नव्हे, तर काम पुरते शिकून. आणि स्वतःचे नाव लाविले ते अक्षर निर्दोष झाल्यावर. एवढा धीर आपल्या मुलांस लाभो, हीच आमची प्रार्थना.