रणांगण लहान करणारा लेफ्टनंट

दिवाळीत आमच्या गल्लीत मातीचा किल्ला होतो आणि दरवर्षी एकच वाद होतो. बाजारातले मावळे किल्ल्याच्या दरवाजापेक्षा उंच, आणि घोडेस्वार पायदळापेक्षा बुटका! शाळेत असताना एका वर्षी आम्ही त्या किल्ल्यावर खरोखरीची लढाई खेळायचे ठरवले. फासा एकदा टाकला की मावळ्याने एक वीत पुढे जायचे, असा नियम केला. खेळ बरा रंगला. पुढच्या वर्षी जागा कमी मिळाली म्हणून किल्ला निम्मा केला, मावळेही बोटाच्या पेराएवढे आणले. चाल मात्र तीच वीतभर ठेवली. लढाई दहा मिनिटांत संपली आणि भांडण रात्रीपर्यंत चालले.

आमचे काय चुकले, ते कॉलेजात आल्यावर राइसविट्झ पितापुत्रांची हकिगत वाचली तेव्हा कळले. लष्करी खेळांच्या इतिहासात हे नाव फार मोठे आहे.

बुद्धिबळातून युद्धाचा खेळ काढण्याचे प्रयत्न जर्मनीत आधीपासून चालू होते. ब्रन्सविकच्या हेलविगने १७८० मध्ये दीड हजारांहून जास्त घरांचा पट केला होता. पण खरी जमीन चौकटीत बसत नाही. ब्रेस्लाउचे एक मुलकी अधिकारी, थोरले राइसविट्झ, यांनी ती चौकटच सोडून दिली. १८१२ मध्ये त्यांनी प्रशियाच्या राजाला एक सुमारे सहा फुटी टेबल नजर केले. खणांत डोंगर, नद्या, गावे यांचे तुकडे. हवे तसे मांडावे आणि वर सैन्याच्या सोंगट्या चालवाव्यात. प्रमाण होते १:२३७३. राजपुत्रांना ते फार आवडले, पण असे टेबल राजवाड्यातच शोभणार. पलटणीतल्या लेफ्टनंटला ते कुठून परवडणार?

त्यांचा मुलगा तोफखान्यात असाच एक लेफ्टनंट होता. जन्म १७९४ चा. बर्लिनमध्ये काही सोबती अधिकाऱ्यांना घेऊन त्याने वडिलांचा खेळ कागदावर उतरवला. नकाशा १:८००० प्रमाणाचा. आम्ही कॉमर्सवाले, म्हणून मी हिशेब करून पाहिला. वडिलांच्या टेबलावर एक किलोमीटर जमीन ४२ सेंटिमीटर भरते, मुलाच्या नकाशावर साडेबारा. म्हणजे त्याच सहा फुटांत पूर्वी सव्वाचार किलोमीटर मावत, आता साडेचौदा मावू लागले. एका चकमकीच्या जागी अख्खी मोहीम आली.

पण सगळ्याला एकाच आकड्याने भागून भागत नाही, आणि आम्ही मुले नेमके इथेच अडखळलो होतो. पल्ला आणि चाल लहान करावी लागते. दोन मिनिटांत पायदळ दीडशे मीटर चालले असे धरले, तर मोठ्या टेबलावर ती चाल सहा सेंटिमीटरांहून थोडी जास्त, नकाशावर दोन सेंटिमीटरांहूनही कमी. वेळ मात्र लहान होत नाही. म्हणून त्याने एक डाव म्हणजे दोन मिनिटे असे बांधून टाकले. १:८००० वर माणूस पाव मिलिमीटरही उंच नसतो, तेव्हा शिपाई दाखवायचा हट्टच नको. रंगवलेला शिशाचा ठोकळा, आणि त्याची लांबी तेवढी तुकडीच्या आघाडीएवढी. डोंगरही उंच करता येत नाही, म्हणून उताराच्या रेघा काढायच्या.

माणसे किती पडली, याला तर प्रमाणच नाही. त्यासाठी त्याने शार्नहोर्स्टने जमवलेल्या बंदुका-तोफांच्या माऱ्याच्या आकड्यांचा आधार घेतला आणि खास फासे केले. ठोकळा एकदम मरत नाही, थोडा थोडा खर्ची पडतो. आमच्या ताळेबंदातल्या घसाऱ्यासारखेच ते. शिवाय मध्ये एक पंच. खेळाडूंनी हुकूम लिहून द्यायचे आणि शत्रूचे जे दिसण्यासारखे असेल तेवढेच पंचाने नकाशावर ठेवायचे. मला विचाराल तर सगळ्यांत मोठी करामत हीच.

१८२४ मध्ये राजपुत्र विल्हेल्मच्या शिफारशीवरून सेनाध्यक्षांच्या कचेरीचे प्रमुख म्यूफ्लिंग यांनी हा खेळ पाहिला. सुरुवातीला ते उदासीन होते, असे सांगतात. डाव पुढे सरकला तसे ते खुलले आणि त्यांनी लष्करी साप्ताहिकात खेळाची जाहीर शिफारस केली. नियमांचे पुस्तक त्याच वर्षी निघाले. पलटणींत खेळ जाऊ लागला.

इतके यश मिळालेल्या माणसाचे पुढे चांगले व्हावे, अशी आपली अपेक्षा. तसे झाले नाही. एका लेफ्टनंटने वरिष्ठांना युद्ध शिकवावे हे पुष्कळांना रुचले नव्हते. १८२६ मध्ये त्याला कॅप्टन करून बर्लिनपासून दूर टोरगाऊला पाठवले. कागदावर ही बढतीच, पण त्याला ती हकालपट्टी वाटली. पुढच्या वर्षी, १८२७ मध्ये, रजेवर असताना हाले येथे त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. वय जेमतेम तेहतीस. वडील त्यानंतर वर्षभरातच, १८२८ मध्ये वारले.

खेळ मात्र चालू राहिला. १८५७ पासून प्रशियाच्या सेनेची सूत्रे सांभाळणाऱ्या मोल्टकेचा त्याला पाठिंबा होता, आणि १८७०–७१ च्या विजयानंतर इतर देशांच्या सैन्यांनीही तो उचलला. १८७४ मध्ये त्याच्या एका जुन्या सोबत्याने आठवणी लिहून काढल्या, तेव्हा त्या मृत्यूला ४७ वर्षे लोटली होती.