आम्लाने दात राखणारे बुओनोकोर

दाढेला कीड लागली की चांदी भरून घ्यायची, हा मागील पिढ्यांचा परिपाठ. चांदी व पाऱ्याचे ते मिश्रण दाताला चिकटत नसे. त्यामुळे आत रुंद व तोंडाशी अरुंद खड्डा कोरून ते अडकवून ठेवावे लागे आणि किडीबरोबर दाताचा निरोगी भागही जाई. अमेरिकी दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घालून दिलेली ही शिस्त जगभर पाळली गेली. निरोगी दाताचा हा बळी टाळण्याची वाट दाखविली ती डॉ. मायकेल बुओनोकोर यांनी.

न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर ही त्यांची कर्मभूमी. कोडॅकचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या ईस्टमन दंतसंस्थेत ते संशोधन करीत. त्या काळी दाताच्या रंगाचे ॲक्रिलिक उपलब्ध झाले होते. परंतु त्याची कड दातापासून सुटे, फटीतून लाळ व जंतू आत शिरत आणि भरलेल्या दाताला पुन्हा कीड लागे.

धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल वापरतात, हे बुओनोकोर यांनी हेरले. आम्लामुळेच दात किडतात, हे ठाऊक असताना तेच आम्ल दाताला लावण्याचा विचार धाडसाचा होता. ८५ टक्के तीव्रतेचे आम्ल त्यांनी इनॅमलवर, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य कवचावर, ३० सेकंद लावले, धुऊन काढले आणि त्यावर ॲक्रिलिकचे थेंब बसविले. आम्लाविना बसविलेले थेंब लवकरच निखळले. आम्ल लावलेल्या पृष्ठभागावरील थेंब मात्र सरासरी एक हजार तासांहून अधिक काळ टिकले. हा निष्कर्ष १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला.

वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेल्या इनॅमलवर आम्लामुळे सूक्ष्म छिद्रे पडतात. पातळ राळ त्यांत झिरपते, आतच घट्ट होते आणि असंख्य मुळ्यांप्रमाणे दाताला धरून ठेवते. १९६८ मध्ये बुओनोकोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुळ्यांचे अस्तित्व दाखवून दिले. इनॅमलखालच्या डेंटिनमध्ये पाणी व सेंद्रिय द्रव्य अधिक असल्याने तेथे असा पक्का जोड साधणे पुढेही दीर्घकाळ अवघड राहिले.

दंतवैद्यांनी ही पद्धत लगेच स्वीकारली नाही. रे बोवेन यांची १९६२ सालची नवी राळ आल्यावर तिचे मोल उमगू लागले. कीड लागण्याआधीच दाढांच्या खाचा बुजविण्याकडेही बुओनोकोर वळले. क्युएटो यांच्यासह १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्षभरात खाचांतील कीड सुमारे ८६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्यातील चिकटद्रव्य तोंडात फार टिकणारे नव्हते. म्हणून १९७० मध्ये त्यांनी अतिनील प्रकाशाने घट्ट होणारी राळ पुढे आणली.

१९८१ मध्ये बुओनोकोर यांचे निधन झाले. आता आम्लाची तीव्रता साधारण ३७ टक्क्यांपर्यंत खाली आली आहे, पण तत्त्व तेच आहे. दाताच्या रंगाचे सिमेंट भरताना, मुलांच्या दाढांच्या खाचा बुजविताना किंवा वाकडे दात सरळ करणाऱ्या तारांचे आधार चिकटविताना दंतवैद्य दातावर जेल लावून काही सेकंद थांबतात. त्या काही सेकंदांमुळे दाताचा निरोगी भाग कोरण्यावाचून वाचतो. हीच बुओनोकोर यांची देणगी होय.