डायक्स्ट्राचं कुलूप

डायक्स्ट्रा म्हटलं की आपल्याला शॉर्टेस्ट पाथ आठवतो, आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचं जागरण! मला मात्र हा माणूस त्याच्या कुलपासाठी आवडतो.

जन्म १९३०, रॉटरडॅम. १९५७ साली लग्नाच्या फॉर्मवर त्याने व्यवसाय 'प्रोग्रॅमर' लिहिला, तर अ‍ॅम्स्टरडॅमच्या नगरपालिकेने असला धंदा मानलाच नाही. (प्लेसमेंटवाल्यांनी नोंद घ्यावी.)

आता कुलूप. आमच्या विंगच्या मेस-हिशोबाची एस्क्यूलाइट फाइल लॅनवर शेअर केलेली होती. दोघांनी एकदम लिहिलं की एकाची नोंद गायब, मग भांडणं. या दुखण्यावर डायक्स्ट्राने १९६५ सालीच उत्तर छापलं होतं: माणसं कितीही असोत, एका वेळी आत एकच, आणि सगळेच एकमेकांची वाट बघत अडकून पडता कामा नयेत. सेमाफोरही त्याचाच, नाव रेल्वेच्या सिग्नलवरून. एस्क्यूलाइटमध्येही वाचणारे अनेक, लिहिणारा एकच. पण तिचं कुलूप फाइल सिस्टिमच्या भरवशावर, आणि नेटवर्कवर ते बऱ्याचदा नीट लागतच नाही. म्हणून फाइल एकाच मशीनवर ठेवून तिच्यासमोर एक सर्व्हर प्रोग्रॅम बसवला. आता भांडणं फक्त भाजीवरून होतात.

डायक्स्ट्राला १९७२ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. १३०० हून जास्त टिपणं त्याने लिहिली, बरीचशी फाउंटन पेनने. २००२ साली तो गेला.