मेरी अ‍ॅनिंग : समुद्रसरडे शोधणारी सुताराची लेक

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात लाइम रेजिस नावाचे छोटे गाव आहे. २१ मे १७९९ रोजी तिथे मेरी अ‍ॅनिंगचा जन्म झाला. वडील सुतारकाम करीत आणि समुद्रकड्यांतून मिळणारे जीवाश्म पर्यटकांना विकत. १८१० मध्ये ते वारले. मागे उरले फक्त कर्ज. शाळा जेमतेम झालेली मेरी भावासोबत कडे धुंडाळू लागली. तो त्यांचा पोटापाण्याचा धंदा होता.

१८११ मध्ये भाऊ जोसेफला मीटरभराहून लांब कवटी सापडली. पुढच्या वर्षी मेरीने उरलेला सांगाडा शोधून काढला. सारा मिळून सुमारे पाच मीटर! लोकांना ती मगर वाटली. पुढे या गटाचे नाव पडले इक्थिओसॉर, म्हणजे मत्स्यसरडा.

हा प्राणी दिसायला डॉल्फिनसारखा, पण जातीने सरपटणारा. त्याला कल्ले नव्हते. श्वासासाठी पाण्यावर यावे लागे. शेपूट माशासारखी उभी. तो अंडी घालत नसे, थेट पिलांना जन्म देई. पोटात पिले असलेल्या माद्यांचे जीवाश्म मिळाले आहेत. मोठ्या जातींचे डोळे वीस सेंटिमीटरहून रुंद होते. अंधूक पाण्यात शिकार करायला ते उपयोगी पडत.

आम्ही डॉक्टर शौचाच्या तपासणीवरून पोटातले ओळखतो. मेरीनेही तेच केले. इक्थिओसॉरच्या बरगड्यांखाली तिला वेगळेच खडे दिसत. ते फोडल्यावर आत माशांची हाडे आणि खवले निघत. याच निरीक्षणाच्या आधारे विल्यम बकलंड यांनी १८२९ मध्ये ती जीवाश्म झालेली विष्ठा असल्याचे मांडले. लाखो शतकांपूर्वीचा आहार त्यातून कळला.

१८२३ मध्ये तिने लांब मानेच्या प्लेसिओसॉरचा पूर्ण सांगाडा शोधला. इतकी लांब मान पाहून पॅरिसच्या कुव्हिए यांना तो बनावट असल्याचा संशय आला. शहानिशा झाली, मेरी खरी ठरली. मात्र लंडनच्या भूशास्त्र संस्थेत त्या सांगाड्यावर व्याख्यान झाले, तेव्हा तिचे नावही घेतले गेले नाही. त्या संस्थेत बायकांना प्रवेश नव्हता. विद्वान तिच्याकडून जीवाश्म विकत घेत, तिच्याशी चर्चा करीत आणि निबंध स्वतःच्या नावावर छापीत. काम जिवावरचे होते. १८३३ मध्ये दरड कोसळून तिचा कुत्रा ट्रे तिच्या डोळ्यांदेखत गाडला गेला.

इक्थिओसॉर सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी संपले, म्हणजे डायनोसॉरच्या आधी जवळजवळ अडीच कोटी वर्षे. कुठली उल्का त्यांच्यावर पडली नाही. समुद्र तापत होते, हवामान बदलत होते आणि त्यांच्यात नवे प्रकार फारसे निर्माण होत नव्हते. बदलत्या परिस्थितीशी त्यांना जुळवून घेता आले नाही, असे आज मानले जाते.

शेवटच्या काळात मेरीला स्तनाचा कर्करोग झाला. वेदना सोसवेना म्हणून ती लॉडनम घेई, म्हणजे दारूत विरघळवलेला अफूचा अर्क. त्या गुंगीत तिचा तोल जाई. गावात कुजबुज सुरू झाली, की बाई दारूच्या नादी लागली. त्या काळी दुसरा उपाय फारसा नव्हता. ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया बॉस्टनमध्ये दाखवली गेली ती ऑक्टोबर १८४६ मध्ये. ९ मार्च १८४७ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी मेरी गेली. त्या भूशास्त्र संस्थेने बायकांना सदस्यत्व दिले ते पुढच्या शतकात.

आज उपाय आहेत, तरी सरकारी रुग्णालयात अनेक बायका गाठ पिकल्यावर येतात. दुखत नाही म्हणून ती लपवलेली असते, कधी लाजेने, कधी घरकामाच्या रगाड्यात. स्तनात न दुखणारी गाठ, कातडीला खळी किंवा बोंडातून रक्त दिसले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. वेळेवर आलेल्या रुग्णांपैकी पुष्कळजणी बऱ्या होतात. आणि आजार पुढे गेलेला असला तरी वेदना शमवणारी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली जरूर घ्यावीत. ते व्यसन नव्हे, उपचार आहे. मेरीच्या शेजाऱ्यांना हे कळले नाही. निदान आपल्या घरातल्यांना कळायला हवे.