डॉ. होमी भाभा आणि स्वदेशी संगणक

डॉ. होमी जहांगीर भाभा हे नाव निघाले की आपणांस अणुशक्ती आठवते. परंतु संगणकशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या चरित्राचे दुसरे पानही अवश्य वाचावे.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईच्या एका सुविद्य पारशी कुटुंबात झाला. मुलाने इंजिनिअर व्हावे ही वडिलांची इच्छा. केंब्रिजला १९३० साली ती परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन त्यांनी वडिलांचा मान राखला, आणि मग ते आपल्या आवडीच्या भौतिकशास्त्राकडे वळले. १९३९ साली सुटीत मायदेशी आले असता महायुद्ध पेटले व परतीची वाट बंद झाली. युद्ध संपले, तरी ते इथेच राहिले. १९४५ साली टाटांच्या विश्वस्त निधीच्या साहाय्याने त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली.

संस्थेला संगणक हवा होता. भाभांनी तो इथेच बांधण्याचे काम तरुणांच्या एका गटावर सोपविले. डॉ. आर. नरसिंहन यांच्याखेरीज त्यांपैकी कोणी संगणक वापरलेलाही नव्हता! १९५६ मध्ये त्यांनी आधी लहान नमुना करून पाहिला. १९६० मध्ये पूर्ण यंत्र कामाला लागले. पुढे त्यास टिफ्रॅक हे नाव मिळाले.

१९६४ मध्ये तेथे सी.डी.सी. ३६०० हे मोठे यंत्र आले आणि देशभरच्या संशोधकांची गणिते त्यावर होऊ लागली. यंत्र एक, गरजवंत अनेक. जिनासमोर कापसाच्या बंड्यांची रांग लागली की कोणाची बंडी केव्हा रिकामी करायची, हे ठरविणारा मुकादम लागतोच. संगणकात हेच काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. यंत्रे एकमेकांस जोडली की नेटवर्क होते. आणि एकच मोठे काम अनेक यंत्रांनी वाटून घेतले की वितरित संगणन. मोठ्या वावरात वेचणीच्या टोळ्या काम वाटून घेतात, तसेच हे. एखादी टोळी आली नाही तरी वेचणी अडू नये, यातच खरे कसब.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळून भाभांचे निधन झाले. वय अवघे ५६. त्यांच्या संस्थेतील संगणक विभागातूनच पुढे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था निघाली. १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक नेटवर्कच्या उभारणीत तिचा मोठा वाटा होता.

अल्गोरिदम हा शब्द बगदादच्या अल्-ख्वारिझ्मींच्या नावावरून आला, याचा आपण अभिमान बाळगतो. तो योग्यच आहे. पण नुसत्या अभिमानाने यंत्र चालत नाही. भाभांच्या तरुणांनी ते स्वतः जोडून समजून घेतले. आज संगणक आपल्या खिशात आहे. एकाच वेळी एवढी कामे तो कशी करतो, असे एखाद्या मुलाने वा मुलीने विचारले, तर पालकांनो, गुरुजनांनो, त्या लेकराला गप्प बसवू नका. विद्येचा आरंभ त्या प्रश्नातच आहे.